चौथी गाठ

ट्रॉय, मिशिगन
९ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, मनावर घेऊ नकोस. तुझं दोराचं पार्सल ऑगस्टच्या बावीस तारखेलाच आलं. त्याच दिवशी दोन ओळी टाकायला हव्या होत्या. रोज कागद काढत होतो आणि रोज परत ठेवत होतो. सातवी शिकलेल्या माणसाचं असंच, सुरुवात सापडत नाही. फोन करावा तर कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि समोरचा बोलतो एक, मी उत्तर देतो भलतंच. तुझा आजा, माझा धाकटा भाऊ दिगंबर, आणि मी चाळीस वर्षं पत्रावरच बोललो. तो गेल्यावर तू ते चालू ठेवलंस म्हणून मला लिहायची सवय तरी राहिली.

तू विचारलंस ते आधी सांगतो. दोर हाताचाच आहे. तुमच्याकडच्या ज्या साहेबांनी हा दुकानातला यंत्राचा दोर म्हणून सांगितलं, त्यांनी कधी दोर वळलेला नाही. यंत्राचा पीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असतो. माणूस दमतो तसा त्याचा पीळ ढिला पडतो, पाणी पिऊन परत बसला की घट्ट होतो. या दोरात मला असं सात-आठ ठिकाणी दिसलं. धागा म्हणजे वाख आपल्या घायपाताचाच, नाहीतर त्याच्या सख्ख्या भावाचा. माणदेशात आम्ही ओढ्यात पानं कुजवून, बडवून काढायचो तसाच. हाताला खाज सुटायची ती आठवली.

आणखी एक. विसविशीत टोकाकडचा पहिला हातभर दोर वेगळ्या माणसानं वळलाय. पीळ उलटा आहे. वळणारं माणूस डावखुरं असणार. दिगंबर डावखुरा होता, म्हणून मला लगेच कळलं. पुढचा सगळा दोर दुसऱ्या हाताचा, नवशिक्याचा, मग हळूहळू सुधारत गेलेला.

तू वाळवंटात राहतेस, बूट झटकून घालत जा. आमचा सत्यजित म्हणतो तिकडे विंचू असतात. व्हिसाचे कागद कायम जवळ ठेव.

दोरावर त्या गाठी होत्या, त्याबद्दल दोर देणाऱ्या त्या आजी काही बोलल्या का? सहज विचारतो.

तुझा,
थोरला आबा

•

टूसॉन, ॲरिझोना
१७ सप्टेंबर २०२४

ती. थोरल्या आबांना नमस्कार.

तुमचं पत्र मी मिकाएलाआजींना त्यांच्या अंगणात बसून इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं. त्या शहाऐंशीच्या आहेत, दिसत जवळजवळ नाही. "माणूस दमतो तसा पीळ ढिला पडतो" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "तो म्हातारा माझ्या आजीला बसलेली बघतोय." आबा, ते साहेब दुकानातला दोर म्हणाल्यापासून घरातली पोरं हसायची, की आजीची युकातानची गोष्टच बनावट असेल. आता कोणी हसत नाही.

गोष्ट तुम्हाला पूर्ण सांगितली नव्हती. हे लोक याकी. मूळचे मेक्सिकोच्या सोनोरा भागातले, याकी नदीकाठचे. नदीकाठची काळी जमीन सरकारला हवी होती, हे सोडेनात. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावंच्या गावं पकडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, युकातानला, नेऊन घातली. आधी बोटीनं, मग डोंगरातून कित्येक दिवस पायी, मग रेल्वे, मग परत बोट. तिथं घायपाताचे मैलोन्‌मैल मळे. दिवसाला दोन हजार पानं कापायची, कमी पडली तर फटके. मिकाएलाआजींची आजी तेव्हा चौदा वर्षांची. तिच्या शेजारच्या ओळीत एक माया बाई होती, म्हणजे युकातानमधलीच मूळची. वाख काढायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण चोरून उचललेल्या वाखाचा दोर वळायला त्या बाईनंच तिला शिकवलं. डाव्या हातानं! तुम्ही न सांगता ओळखलंत.

आता गाठींचं. हे मला आजींनी त्या दिवशीच सांगितलं, आधी मलाही माहीत नव्हतं. याकी घरांमध्ये मेलेल्या माणसांच्या नावांची वही असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी, ती नावं मोठ्यानं म्हणतात. या घरात वही नाही, दोर आहे. एकतीस गाठी, एकतीस नावं. आजीकडून नातीकडे तोंडीच आली. मिकाएलाआजी गाठीवर बोट ठेवतात आणि नाव येतं. बोट उचललं की नाव जातं, असं त्या म्हणतात. कुठं लिहू द्यायला त्या तयार नाहीत.

दोन नोव्हेंबरच्या आत दोर इथं हवा. ऑक्टोबरच्या पंधरापर्यंत पाठवा. नशीब, तुमच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाला द्यायला मला धीर झाला नसता.

ज्ञानदा

•

ट्रॉय
२८ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्या बायांवर काय काय गुदरलं ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. सत्यजितची सुमेधा म्हणाली, "बाबा, बीपी चेक करू या." मी म्हटलं, बीपीला काही झालेलं नाही.

दोर जसा आला तसा आहे. काळजी करू नकोस. पण पोस्टानं पाठवायची मला भीती वाटते. मागे सुमेधाच्या आईनं पाठवलेला खाऊ तीन आठवडे कुठंतरी फिरत होता. सत्यजित कामानिमित्त तिकडे जाणार असला तर त्याच्या हाती देईन म्हणतो. तो म्हणतो, "बाबा, माझे सप्लायर ओहायोत आहेत, ॲरिझोना कुठं?" बघू.

एक विचारायचं होतं. त्या आजी गाठीचा आकार ओळखतात, की नुसती जागा? सगळ्या गाठी एकसारख्या बांधलेल्या असतात का? आणि समजा वापरून वापरून एखादी गाठ आपोआप सुटली, तर त्यांच्यात काय करतात? काही विधी असेल. तू त्यांचा अभ्यास करतेस म्हणून विचारतो.

आमच्या दोर वळायच्या धंद्यात गाठ म्हणजे खोट. गाठीचा कासरा बैलाच्या मानेला काचतो. पोळ्याच्या आधी शेतकरी जुने दोर दुरुस्तीला टाकून जायचे, तेव्हा बापू, म्हणजे तुझे पणजोबा, आधी म्हणायचे, गाठी सोडा, मग हात लावा. गाठ तशीच ठेवून दोर परत दिला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं. हे आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

थोरला आबा

•

टूसॉन
६ ऑक्टोबर २०२४

आबा,

मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं. परवा सत्यजितकाकांनी व्हिडिओ कॉल लावला, मी म्हटलं दोर दाखवा, आणि तुम्ही फोनची बॅटरी संपली म्हणालात. काका मागून म्हणाले, "अहो, नव्वद टक्के आहे."

दोराला काय झालंय?

इथलं सांगते. आजींचा भाचा रामोन पन्नाशीचा आहे, घराचं सगळं तो बघतो. दोर त्याला न विचारता आजींनी मला दिला. आता तो मला रोज मेसेज करतो. काल दारात उभं राहून म्हणाला, "आमच्याकडून अभ्यासाला म्हणून नेलेली वस्तू परत आलेली मी अजून पाहिलेली नाही. तू वेगळी आहेस, असं मावशी म्हणते. बघू." त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

तुमचा प्रश्न मी आजींना विचारला, एखादी गाठ सुटली तर? त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. म्हणाल्या, "गाठ आपोआप सुटत नाही, मुली."

चूक माझीही आहे. मी पार्सलमध्ये एवढंच लिहिलं होतं, "बघून सांगा, आणि टोक विसविशीत झालंय." दुरुस्तीला टाकलेल्या दोरासारखं. हे मला तुमच्या पत्रातला पोळा वाचल्यावर कळलं. म्हणून घाबरू नका. पण खरं सांगा, आणि जसा असेल तसा पाठवा. माझं इथलं काम राहील की जाईल हा भाग सोडा. त्या बाईकडे दुसरी प्रत नाही.

ज्ञानदा

•

ट्रॉय
१० ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदास,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. दोर जसा आला तसा नाही.

तुझं पार्सल आलं त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकली आणि दोर मांडीवर घेतला. बावन्न वर्षांनी वाखाचा दोर हातात आला, ज्ञानदा. टोक उसवलेलं होतं, पेड सुटे झाले होते. म्हटलं नुसतं बघून काय सांगायचं, चांगला करून देऊ. परक्या बाईनं विश्वासानं पाठवलाय, आला त्याहून बरा गेला पाहिजे. टोक नव्यानं वळायचं तर गाठी मधे येत होत्या. मी खिळा घेतला आणि टोकाकडून सोडवत गेलो. वाकडं काही मनात नव्हतं. उलट बरं वाटत होतं, की बोटं अजून चालतात.

नववी गाठ सुटली आणि आतून केस निघाले. लहान मुलाचे असावेत, मऊ, चार-पाच, गुंडाळून ठेवलेले. तिथं माझे हात थांबले. दोराच्या गाठीत केस कोणी चुकून बांधत नाही.

नऊ गाठी सुटल्या, बावीस तशाच आहेत. टोकालाही मग हात लावला नाही. पाण्यात बुडवणार होतो, ते राहिलं, एवढीच देवाची कृपा.

दोर बर्फ काढायच्या फावड्यामागे लपवून ठेवला होता. तुझं सतरा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी ते तिथंच उभं राहून वाचलं. "नशीब, तुमच्या हातात दिला" असं लिहिलं होतंस.

मग मी त्या गाठी परत बांधल्या. सगळ्या नऊ. कुणाला कळलं नसतं. गाठीखालचा वाख पांढरा राहतो, त्याला धूर आणि उजेड लागत नाही, म्हणून जागा बरोबर सापडल्या. चार दिवस तसा ठेवला आणि पाचव्या दिवशी पुन्हा सोडल्या. त्या बाईनं माझ्या गाठीवर बोट ठेवून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि तिला ठाऊक नसायचं. हे मला जमेना.

दोर उद्या निघेल. सुमेधाला सगळं सांगितलं, ती स्वतः पोस्टात जाणार आहे. नऊ जागांवर पांढरं सुती सूत सैल बांधलंय, ते गाठी म्हणून नाही, खूण म्हणून. केस मलमलीच्या पुरचुंडीत, नवव्या जागेवर. आठ जागी पांढरा पट्टा तीन बोटांचा आहे. चौथ्या जागी चार बोटांचा. चौथी गाठ वेगळी होती, पण कशी ते मला आठवत नाही. मोजपट्टी लावली, डोकं धरून बसलो, तरी येत नाही.

आजींना सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग. रामोनला म्हणावं चूक म्हाताऱ्याची आहे, पोरीची नाही.

पुरुषोत्तम आबा

•

टूसॉन
४ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

दोर सतरा तारखेला पोचला. तेव्हाच लिहायला हवं होतं. मला राग आला होता, आणि रागात लिहायचं नव्हतं.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. रामोन उठून बाहेर गेला, गाडी काढून गेलाच. आजींनी दोर मागितला. पांढऱ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि पुरचुंडीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "हा माझ्या आजीचा धाकटा भाऊ. डोंगरातल्या वाटेवर गेला. त्याचे केस या गाठीत आहेत हे आजी सांगायची, मी कधी पाहिले नव्हते." पुरचुंडी त्यांनी उघडली नाही, नुसती गालाला लावली.

परवा, दोन तारखेला, अंगणात टेबल मांडलं. झेंडू, मेणबत्त्या, भाकरीसारखा पाव, गेलेल्यांना आवडायची ती कॉफी. रामोन आला, पण लांब उभा राहिला. आजी एकेका खुणेपाशी नाव घ्यायच्या आणि गाठ स्वतः बांधायच्या. बोटांत जोर नाही, मग शेवटी रामोनच पुढे येऊन ओढ द्यायला लागला. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला त्या थांबल्या.

आबा, नाव आलं नाही. आम्ही उभे होतो. मेणबत्ती अर्धी झाली. रामोन म्हणाला, "मावशी, पुढे चल." त्या म्हणाल्या, "इथं बोट अडकायचं. का अडकायचं ते आठवत नाही." मग ती जागा तशीच सोडून पुढची सत्तावीस त्यांनी न चुकता म्हटली. तीस नावं झाली.

रात्री त्यांना ताप भरला. आता दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालंय. डॉक्टर या वयाला काही सांगता येत नाही म्हणतात. शुद्धीवर आल्या की उजव्या हाताचं बोट चादरीवर घासत राहतात. मला सकाळी म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला विचार. माझी बोटं विसरली. त्याच्या बोटांनी ती उघडलीय, त्यांना विचार."

तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाहीये. त्यांनी निरोप दिला म्हणून लिहितेय. जे आठवेल ते पाठवा, ताबडतोब.

ज्ञानदा

•

ट्रॉय
८ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज अकराला आलं. आता दुपारचे चार वाजलेत. सुमेधा गाडीची किल्ली घेऊन दारात उभी आहे, म्हणून भराभर लिहितो.

आजींचं बरोबर आहे. मी डोक्याला विचारत होतो. पत्र वाचल्यावर सुमेधाला दुकानात पिटाळलं आणि वाखाचा दोर मागवला. यंत्राचा मिळाला. तो उसवला, ओला केला आणि नडगीवर पीळ दिला. दुसरं टोक धरायला सुमेधाला बसवलं. "बाबा, किती वेळ? माझी दोन वाजता मीटिंग आहे." म्हटलं, धर, सैल सोडू नकोस. तिनं मीटिंग कॅन्सल केली. सत्यजित घरूनच काम करत होता, तो डोकावून म्हणाला, "गॅरेजचा गोठा केलात." पण गाडी बाहेर काढून त्यानंच जागा करून दिली.

मग दोर डाव्या-उजव्या हातात धरून, डोळे मिटून बसलो. खिळा घेतला आणि ऑगस्टमध्ये केलं तसं नुसतं हातांना करू दिलं. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. चौथीला माझा हात आपोआप उलटा फिरला. शेपूट डाव्या हातानं माझ्याकडे ओढलं गेलं. तेव्हा कळलं. ही ओढ मला सत्तर वर्षं ठाऊक आहे.

आम्ही लहान होतो तेव्हा दिगंबरनं बांधलेल्या गाठी कुणालाच सुटायच्या नाहीत. डावखुरा ना, सगळं उलटं. बापू त्या माझ्यापुढे टाकायचे. मी त्याला डावऱ्या, डावऱ्या म्हणून चिडवायचो आणि सोडवायचो. तो म्हणायचा, दादा, तू नसलास तर माझ्या गाठी जन्मभर बांधलेल्याच राहतील. मी इकडे आलो. तो गेला तेव्हा तिकीट मिळालं नाही. ते असो.

ज्ञानदा, चौथी गाठ डावखुऱ्या माणसाची आहे. एक वेढा जास्त, आणि शेपूट आत दडपलेलं, म्हणून चार बोटं दोर लागला आणि म्हणून तिथं बोट अडकायचं. ती आजींच्या आजीनं बांधलेली नाही. तू मला त्या माया बाईबद्दल लिहिलं होतंस, तीन बोटं गेलेल्या. गाठ त्यांनी वळलेल्या हातभर दोरातच आहे. माझा अडाण्याचा विचार असा, की त्या बाईनं आपल्या कुणाचं तरी नाव या दोरात ठेवायला दिलं असेल, आणि गाठ स्वतः बांधली असेल. त्यांच्याकडे ठेवायला दुसरा दोर कुठं होता? तसं असेल तर ते नाव याकी भाषेतलं नसणार. म्हणून गाठ गेल्यावर आजींच्या तोंडी ते येत नाही. आजींना विचार, त्यांची आजी एक नाव वेगळंच, परक्या बोलीतलं म्हणायची का?

मी चुकत असेन. पण विचार.

सोबत वीतभर दोर पाठवतो. त्यावर ती गाठ बांधलीय, डाव्या हातानं, दिगंबर बांधायचा तशी. पाच वेळा सोडून पाहिली, तशीच सुटते. हे फोनवर सांगून समजलं नसतं. त्यांच्या दोराला जोडू नका, माझी गाठ तिथं नको. फक्त त्यांच्या बोटाखाली दे, अंगठ्याजवळच्या. त्यांना नाव आलं तर त्यांच्या दोरावरची गाठ रामोननं बांधावी. कशी, ते कागदावर काढून दिलंय. चित्र बरं नाही, पण बाण बघावेत.

सुमेधा म्हणते उद्या सकाळी पोचेल. पोचल्याबरोबर जा. आजी झोपल्या असल्या तरी हातात दे. झोपेतही बोटांना कळतं.

नाव मला सांगू नकोस. ते त्यांचं आहे. आलं की नाही, एवढंच कळव. नाही आलं तरी कळव. मी पत्राची वाट बघू शकणार नाही, सत्यजितच्या फोनवर एक शब्द टाक, तो मला मोठ्या अक्षरात दाखवेल. तो शनिवार-रविवार घरीच आहे. मी त्याच्या शेजारी बसून आहे. लवकर कळव.

तुझा,
थोरला आबा